ठोंबरेबाई आणि दोन बाजार

डॉक्टर ठोंबरेबाई गाडीत बसल्या की पहिलं काम काच खाली करायच्या. मग मागे बसलेल्या पोरांना सांगायच्या, "तुम्हीपण करा." पोरं म्हणजे शिकाऊ डॉक्टर. मुंबईकडच्या मोठ्या कॉलेजातून आमच्या तलासरीच्या बाजूला खेड्यातलं शिकायला येणारी. माझ्या गाडीत एसी आहे, मी तो स्वतः दुरुस्त करून घेतलेला आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण बाईंनी तो कधी लावू दिला नाही. म्हणायच्या, "लखमाकाका, काचेतून येणारं ऊन नुसतं गरम करतं. कामाचं ऊन काचेला अडतं."

मी म्हणायचो, "बाई, ऊन ते ऊन."

"तुम्ही गाडी चालवा."

अशी आमची सुरुवात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वेवजीचा. माझी गाडी आरोग्य केंद्राला भाड्याने लावलेली. कोणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बाईंना आल्या दिवशीच कोणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी मला कधी थेट शिकवलं नाही. मागच्या पोरांना शिकवायच्या, पण एवढ्या मोठ्याने की पुढे बसलेल्या माणसाला ऐकू यावं.

बाई अकोल्याच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, केस पांढरे आणि ते कधी काळे केले नाहीत. पायांत रबरी चप्पल. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. माझ्या शेजारच्या सीटवर बसून डावा हात खिडकीबाहेर काढायच्या, त्यामुळे त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा काळा झाला होता. माझा उजवा हात काळा आहे, स्टिअरिंगवरचा. एकदा रेल्वे फाटकात गाडी थांबलेली असताना त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला आणि बघितलं. म्हणाल्या, "दोघांचा मिळून एक माणूस पुरा भाजला गेलाय काका." आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या. फाटक उघडलं तरी हसत होत्या.

त्यांचा एक विषय होता. डी जीवनसत्त्व. माणसाला वेड असतं, कोणाला पत्त्यांचं, कोणाला भजनाचं. बाईंना याचं. नवी पोरं गाडीत बसली की डहाणू रोडचं स्टेशन मागे पडायच्या आत पहिला प्रश्न यायचा, "डी कशातून मिळतं?"

पोरं धडाधड बोलायची. कोणी म्हणायचं दुधातून. एक पोरगी म्हणाली गाजरातून. सगळ्यांत जास्त पोरं म्हणायची, "सकाळच्या कोवळ्या उन्हातून, मॅडम."

"किती वाजताच्या?"

"सात, साडेसात."

मग बाई मला म्हणायच्या, "काका, बाजूला घ्या." सकाळची वेळ, रस्त्याच्या कडेला चिकूच्या वाड्या, आणि ही डॉक्टर होणारी पोरं खाली उतरून ओळीत उभी. बाई सांगायच्या, "आपापली सावली बघा." सावल्या लांबलचक, पार वाडीच्या कुंपणावर चढलेल्या. "सावली तुमच्यापेक्षा लांब आहे ना, मग या उन्हात गप्पा मारा, चहा प्या. डी मिळायचं नाही. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की मग बाह्या वर करून थोडं उभं राहा. करपेपर्यंत नाही. थोडं."

मी गाडीतून उतरायचो नाही. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला कोवळ्या उन्हात बसवतात, माझ्या आजीने बसवलं, आईने बसवलं. मला ते ऐकायला आवडत नव्हतं. पण एक सांगतो. बाईंनी कोवळ्या उन्हाची कधी टिंगल केली नाही. एका पोराने केली, "गावठी समजूत" असं काहीतरी म्हणाला, तर बाईंनी त्याला विचारलं, "तुझ्या घरी कुठे बसवलं होतं तुला?" पोरगं खिडकीबाहेर बघायला लागलं. "बसवलं असेल ना? मग तुझी आई गावठी?" आणि पुढे म्हणाल्या, "अरे, मीसुद्धा परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं. पास झाले, विसरले. कितीतरी वर्षं माझी कंबर, मांड्या दुखायच्या, जिना चढताना कठड्याला धरायची. वय झालं म्हणून गोळ्या खायची. मैत्रिणीने जबरदस्ती रक्त तपासलं तेव्हा कळलं, माझ्यातच डी नाही. अकोल्याची मी. आमच्याकडच्या उन्हात दगड तडकतो. आणि मी सगळी वर्षं दवाखान्यात ट्यूबलाइटखाली."

आमच्या उपकेंद्राची नर्स म्हणजे मंगलसिस्टर. ती स्कूटीवरून यायची तर डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळलेलं, हातात कोपरापर्यंत मोजे. बाई तिला म्हणायच्या, "मंगल, दरोडा टाकून आलीस का?" मंगल म्हणायची, "मॅडम, काळी पडले तर नवरा तुम्ही शोधून देणार का?" बाई म्हणायच्या, "तुझं लग्न होऊन दहा वर्षं झाली." "म्हणून तर. दुसरा कुठे मिळायचा?" अशी त्यांची भाषा. मंगलच्या पाठीत कळ येते हे पण बाईंनीच ओळखलं होतं, आणि तिला औषधही दिलं होतं.

आता माझ्या नातीचं सांगतो, कारण बाई मला कळल्या त्या तिथे.

माझा मुलगा आणि सून दोघं हद्दीपलीकडे गुजरातमध्ये कंपनीत कामाला. तिथेच चाळीत खोली. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, तीही बंद, कारण बाहेर गटार. दोघं पाळीला गेले की पोरगी शेजारणीकडे, तीही खोलीतच. सून दुसऱ्यांदा पोटुशी राहिली तेव्हा नात आमच्याकडे आली. नाव चंदा. दोन वर्षं झालेली होती, पण चालायला नुकती लागली होती, आणि पाय धनुष्यासारखे. पाऊल पावलाशी जुळवलं तर गुडघ्यांच्या मधून माझी मूठ जायची.

मला त्यात काही वाटलं नाही. माझ्या बापाचे पाय तसेच होते, आणि तो माणूस भाताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा. मी म्हटलं, आता आमच्या अंगणात आली आहे, ऊन आहे, माती आहे, होईल सरळ.

एकदा बाईंना तहान लागली म्हणून गाडी आमच्या दारात थांबवली. चंदा ओट्यावरून उतरत होती. बाईंच्या हातात पाण्याचा तांब्या, तो तसाच राहिला.

गाडीत तेव्हा एक उंच पोरगा होता, हुशार, चष्मेवाला. तोच म्हणाला, "मॅडम, इथे डी कमी असणं शक्य नाही. इथे दिवसभर ऊन आहे."

"घे, काकांना एक भाऊ मिळाला," बाई म्हणाल्या. मग चंदाच्या समोर खाली मातीत बसल्या. तिचं मनगट बोटांत धरलं, त्याला हाडाची गाठ आल्यासारखी जाड कड होती, ती त्या पोराला चाचपायला लावली. माझ्या बायकोला, जानकीला, विचारलं, "काय खाते ही?"

"चहा-बिस्किट खाते. दुसरं काय द्यावं तर थुकते."

"आणि आधी कुठे होती?"

जानकीने खोलीचं सांगितलं. बाई त्या पोराकडे वळल्या. "गावात ऊन आहे की नाही हे नको विचारू. या पोरीवर किती पडलं ते विचार."

मग मला म्हणाल्या, "काका, हा मुडदूस आहे. आत्ता औषध घेतलं तर पाय सरळ होतील. उशीर केला तर हाडं अशीच पक्की होतील, मग मोठं ऑपरेशन."

मी म्हटलं, "बाई, आमच्या कुळातच असे पाय आहेत. आणि आम्ही काय ऊन विकत घ्यायचं का आता?"

त्यांनी तांब्या पुन्हा उचलला. पाणी प्यायल्या, गाडीत बसल्या. मला वाटलं, विषय संपला. पण परतीच्या रस्त्यात मागच्या पोरांना मोठ्याने सांगू लागल्या, की मुलगी असेल आणि हाडं अशीच राहिली तर कंबरेचं हाड पण वाकडं राहतं, आणि पुढे तिचं बाळंतपण होताना बाळ अडतं. दोघं जातात कधीकधी. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. मी गाडी चालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच म्हटलं, "ते औषध कसलं असतं?"

औषध म्हणजे पुडी. दुधात कालवून द्यायची, आठवड्यातून एकदा. शिवाय कॅल्शियमची बाटली रोज. बाईंनी डहाणूहून हाडांचा फोटो काढून, रक्त तपासून सगळं आणलं, सगळ्या पुड्या एकदमच जानकीच्या हातात दिल्या आणि नागलीची पेज, सुकट कुटून भातात, असंही सांगितलं. जानकीला वार लक्षात राहत नाहीत, तिला वारांची गरज कधी पडलीच नाही. म्हणून बाईंनी विचार करून सोपं सांगितलं, "जानकीताई, बाजाराच्या दिवशी पुडी. बाजार करून आलीस की पहिलं पुडी."

जानकी म्हणाली, "हे बरं सांगलं. बाजार काय मी चुकत नाही."

आणि खरंच चुकली नाही. चंदाला ती आखूड सावलीच्या उन्हात लंगोटावर खेळवायची, पेज पाजायची, आणि बाजारातून आली की टोपली खाली ठेवायच्या आधी पुडी. पोरगी आधी बरी दिसायला लागली, अंगणाच्या टोकापर्यंत जायला लागली. मग हळूहळू मलूल झाली. खाणं सोडलं. पाणी मात्र सारखं मागायची. शौचाला होईना. एकदोनदा ओकली. आम्हाला वाटलं, दात येतात.

बाई पुढच्या फेरीत आल्या तेव्हा जानकी त्यांना बघून लगेच म्हणाली, "बाई, पुड्या संपल्या. दुसऱ्या द्या."

बाई ओट्याच्या पायरीवर पाय ठेवत होत्या. तिथेच थांबल्या. "संपल्या? इतक्यात कशा संपतील? कधी देतेस पुडी?"

"बाजाराच्या दिशी. तुम्हीच सांगलं."

"म्हणजे आठवड्यातून एकदा ना?"

"एकदा कशी? बाजार दोन न."

वेवजी हद्दीवरचं गाव आहे. एक बाजार आमच्या बाजूचा, तलासरीकडचा. दुसरा पलीकडचा, गुजरातचा. इकडे सुकी मासळी चांगली मिळते, तिकडे कापड आणि भांडी स्वस्त. आमच्या गावातली कुठलीही बाई आठवड्याला दोन बाजार करते. जानकीने सांगितल्याबरहुकूम दोन्ही बाजारांना पुडी दिली होती. तिच्या जागी गावातली कोणीही असती तर तिने तेच केलं असतं.

बाई ओट्यावर खाली बसल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. चंदाला मांडीवर घेतलं, पोट दाबून बघितलं, जीभ बघितली. मग म्हणाल्या, "काका, गाडी काढा. डहाणू."

जानकी दारातच उभी. तिला कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते कळत नव्हतं. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. बाईंनी मला अडवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला थेट सुनावलं.

"काका, तिला एक शब्द बोलायचा नाही. तिने मी सांगितलं तेच केलं. इथे बाजार किती, हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे." मग जानकीचा हात धरून म्हणाल्या, "चल, तूपण चल. पोरगी तुझ्याशिवाय राहायची नाही."

रस्ताभर मी गाडी चालवली. एकदाच म्हटलं, "बाई, पोरीला काही झालं तर..."

"तर मी जबाबदार." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चंदाला त्या चमच्याने पाणी पाजत होत्या, खड्डा आला की चमचा हवेत धरायच्या. मागे दोन शिकाऊ पोरी होत्या, त्यांना सांगत होत्या, तसंच मोठ्याने, पण आवाज बसला होता, "जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, ओकारी, बद्धकोष्ठ. हे बघून ठेवा. पुस्तकात एका ओळीत आहे."

डहाणूच्या दवाखान्यात रक्त घेतलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. आवारात एक बदामाचं झाड आहे, त्याखाली आम्ही बसलो. जानकी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे बाई, आणि त्यांच्या मांडीवर पोरगी झोपलेली. कोणीतरी ओळखीचे डॉक्टर येऊन बाईंना आत बसायला, पंख्याखाली, बोलावून गेले. त्या गेल्या नाहीत. त्यांचा पाय आखडला होता, ते मला दिसत होतं, पण पोर जागी होईल म्हणून हलत नव्हत्या. जानकीने मग न विचारता त्यांचा पाय आपल्याकडे ओढला आणि पोटरी दाबायला लागली. डॉक्टरचा पाय ती दाबते आहे, आणि डॉक्टर डोळे मिटून बसली आहे. मी चहा आणला.

रिपोर्ट आला. कॅल्शियम वाढलं होतं, पण फार नाही. पुड्या बंद, बाटली बंद, पाणी भरपूर, पुन्हा तपासायचं. बाई म्हणाल्या, "जेवढं औषध द्यायचं होतं तेवढं पोटात गेलं आहे. घाईत गेलं, एवढंच." त्या हसल्या, पण रिपोर्टचा कागद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला.

त्यानंतर रोज केंद्रावरचं काम झालं की त्या आमच्याकडे यायच्या. मी सोडायला-आणायला तयार होतो, पण कधीकधी मंगलच्या स्कूटीवर मागे बसूनही आल्या, डोक्याला मंगलचीच ओढणी. पोरगी खायला लागली, ओकणं थांबलं, दुसऱ्या तपासणीत रक्त ठीक निघालं. त्या दिवशी बाई आमच्याकडे जेवल्या. जानकीने त्यांना दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी त्यांनी मागून घेतली.

पाय काही एका महिन्यात सरळ होत नाहीत. बाई येऊन चंदाला उभं करायच्या, टाचा जुळवायच्या, गुडघ्यांमध्ये हात घालून बघायच्या. मूठ जायची. मग मूठ जाईना, चार बोटं जायची. पावसाळा गेला, मग तीनच बोटं जायची. पोरीला तो खेळ वाटायचा. बाई दिसल्या की स्वतःच टाचा जुळवून उभी राहायची.

आणि गाडीत बाईंनी नवी गोष्ट सुरू केली. नवी पोरं आली की डी कशातून मिळतं, सावल्या, हे सगळं झाल्यावर विचारायच्या, "आपण जातोय त्या गावात बाजार किती?"

पोरं एकमेकांकडे बघायची. एकदा एक म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेत येणार का?"

"परीक्षेत नाही. पोरीच्या पोटात येतं." आणि मग पहिल्यापासून सांगायच्या. आपण काय सांगितलं, त्या आजीने काय ऐकलं, आपलं काय विचारायचं राहिलं. आजीचं नाव घ्यायच्या नाहीत, गाव सांगायच्या नाहीत. स्वतःचं नाव मात्र घ्यायच्या.

मला ते आवडायचं नाही. आमच्या घरचं, म्हणून नाही. बाईंना असं पोरांसमोर स्वतःला कमी करताना बघवत नव्हतं. एकदा पोरं उतरल्यावर मी म्हटलंच, "बाई, पोरगी बरी झाली. सारखं काय तेच सांगता?"

"तुम्ही त्या वळणावर सारखा हॉर्न का वाजवता?"

"कोणी समोरून आलं तर?"

"तेच."

मी सहसा कोणाचं ऐकून घेत नाही, पण तेव्हा घेतलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा केंद्रात फुलं झाली, भाषणं झाली, मंगल रडली. बाईंनी भाषणात काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, मी दारात उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डहाणू रोडला रेल्वेच्या गाडीवर सोडायचं होतं. सामान म्हणजे एक बॅग आणि जानकीने दिलेली नागलीची पिशवी. वेळ थोडा होता, तरी म्हणाल्या, "काका, चंदाला भेटून जाऊ."

चंदा अंगणवाडीत होती. मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. बाई उतरल्या नाहीत, म्हणाल्या, "आत गेले तर सगळी पोरं गोळा होतील, गाडी चुकेल. इथूनच बघते."

पोरं बाहेर मैदानात होती, शिवाशिवी चालली होती. सगळ्यांना एकसारखे निळे कपडे, धुरळा उडत होता, आणि सगळी आमच्याकडे पाठ करून पलीकडच्या झाडाकडे पळत होती. पूर्वी बाई चंदाला कितीही लांबून ओळखायच्या, पोरगी डोलत चालायची ना, बदकासारखी. आता त्या बघत होत्या. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकल्या. त्या पळणाऱ्या पायांवरून त्यांची नजर फिरत होती, एकावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर.

"काका, यातली आपली कोणती?"

मला माहीत होतं. वेण्यांना लाल रिबीन, तिसरी. पण मी बोट दाखवलं नाही. म्हटलं, "तुम्हीच शोधा."

बाईंनी पुष्कळ वेळ शोधलं. पोरं झाडाला हात लावून परत वळायच्या आत त्या सीटवर नीट मागे टेकून बसल्या.

"नाही सापडत," म्हणाल्या. "चला."

मी गाडी सुरू केली.